शेवटचा शेक

४ फेब्रुवारी

प्राध्यापक महाशयांस,

हे पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी वाच. प्रश्न कामाचा आहे, घरचा नाही. घरचं काही विचारायला मी अकरा वर्षांनी कागद काळे केले नसते.

पत्ता तुझ्या कॉलेजच्या ऑफिसातून घेतला. फोनवरच्या बाईंनी विचारलं, आपण त्यांच्या कोण? मी म्हटलं, जुनी ओळख आहे. सख्ख्या बहिणीला पत्ता माहीत नाही हे कुठल्या तोंडाने सांगू?

तर ऐक. अग्निशामक दलाच्या बँडसाठी आठ पितळी कर्ण्यांचं काम आलं. अकरा वर्षांत पहिलंच. त्या बारा कर्ण्यांच्या फजितीनंतर आपल्याकडे कर्णा करायला येणार तरी कोण? इतकी वर्षं मी नरसाळी ठोकतेय, तेलाच्या बुधल्या ठोकतेय, दिव्यांच्या टोप्या ठोकतेय. बँडमास्तर दारात आले तेव्हा खात्री नव्हती, पण तोंडाने म्हटलं, होऊन जाईल.

झालेही. पत्रा कापून, सांधा भरून, लोखंडी दांड्यावर चढवून ठोकले, मधेमधे भट्टीवर लाल करून नरम केले, पुन्हा ठोकले. रुंद तोंडं, म्हणजे आपली फुलं, इतकी सुरेख उमलली की बाबासुद्धा काही बोलले नाहीत. बाबांनी हातोडा सोडून सहा वर्षं झाली, हात थरथरतो. पण रोज खुर्ची टाकून माझ्या पाठीमागे बसतात आणि एक ठोका चुकला की खाकरतात. आठ कर्ण्यांत तीनदाच खाकरले. मग मी ते नेहमीसारखे चकचकीत पुसले, फडक्यात गुंडाळले आणि पेटीत भरले.

नवव्या दिवशी पेटी उघडली तर दोन फुलांना तडे. काठापासून आत, सरळ, केसासारखे बारीक. पडले नाहीत, आपटले नाहीत, कोणी हात लावला नाही. हुबेहूब तुझ्या वेळेसारखे.

बाबांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "पिवळा पत्रा. दुसरं काय होणार?" मग सगळा पाढा सुरू. तू शिकून आलास, म्हणालास तांबूस पत्रा सोडा, हा पिवळा घ्या, यात जस्त जास्त, ताकद जास्त. बाबांनी ऐकलं, बारा कर्णे पेटीतल्या पेटीत तडकले, दुकानाचं नाव बुडालं. आणि भर दुकानात, बँडमास्तरांदेखत, सगळं खापर तुझ्या डोक्यावर. "या घरच्या कामाला पुन्हा हात लावायचा नाही." तू हूं नाही की चूं नाही, पिशवी उचललीस आणि चालता झालास.

माझं डोकं कशाने फिरलंय सांगू? तांबूस पत्र्याचा कारखाना बंद पडून पाच वर्षं झाली. तेव्हापासून मी हाच पिवळा पत्रा वापरतेय. पाच वर्षांत एका नरसाळ्याला तडा नाही! मग पत्रा वाईट कसा? आणि पत्रा वाईट नसेल तर तुला हकनाक घालवलं, असा अर्थ होतो. हे मला कळायलाच हवं.

म्हणजे, कामासाठी. उरलेले सहा महिनाअखेर द्यायचे आहेत. लवकर लिही.

– ताई

१३ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र आलं. तीन पानं. त्यात "कशी आहेस" एकदाही नाही. वरती "आदरणीय ताईस" लिहिलंयस. मी काय ग्रामपंचायत आहे, आदरणीय म्हणायला?

बरं, माझ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता आलं असतं. पण नाही, तू आधी अणूपासून सुरुवात केलीस. चहा गार झाला, भट्टी विझत आली आणि मी वाचतेय की धातूतला प्रत्येक अणू आपले बाहेरचे एकदोन इलेक्ट्रॉन सोडून देतो, ते कोणा एकाचे राहत नाहीत, सगळ्या तुकड्यात मोकळे हिंडतात, आणि ही सामाईक गर्दीच सगळ्यांना धरून ठेवते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा पत्र भिरकावलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मीठ फोडून बघितलं.

हसू नकोस. तू लिहिलंयस ना, मिठाच्या खड्यात प्रत्येकाची जागा बांधलेली, अधिकच्या शेजारी उणा, उण्याच्या शेजारी अधिक. ठोका बसून रांग सरकली की अधिकासमोर अधिक येतो, दोघं एकमेकांना ढकलतात आणि खडा फुटतो. म्हणून मी ऐरणीवर मिठाचा खडा ठेवला आणि छोटी हातोडी मारली. भुगा झाला. त्याच हातोडीने पितळेचा तुकडा मारला, तो पसरला. हे मी तीस वर्षं रोज बघतेय आणि एकदाही मनात आलं नाही की का. रांग सरकली तरी धरणारं सामाईक असल्यामुळे नव्या जागीही धरलेलीच राहते. एवढंच ना? मग एवढंच लिहायचं होतंस.

बाबांनी विचारलं, ऐरणीवर मीठ कुठून आलं. मी म्हटलं, सांडलं.

चिमट्याचं दुसरं टोक लगेच का पोळतं, हेही त्याच मोकळ्या गर्दीमुळे, असं लिहिलंयस. ते वाचून मला तू आठवलास. सहा वर्षांचा, दोन्ही हातांनी मोठा चिमटा धरून भट्टीपाशी उभा, पोळलं तरी सोडायचा नाहीस. बाबा कौतुकाने तुला चिमटाच म्हणायचे. जाऊ दे.

पण माझी तक्रार तशीच आहे. सगळं इतकं सामाईक आणि इतकं समजूतदार, तर मग तडा जातोच कसा? पेटीत, फडक्यात, न हलवता? तू म्हणतोस, ठोकून ठोकून रांगा सरकतात, सरकता सरकता एकमेकींत अडकतात आणि धातू कडक होतो. ठाऊक आहे. म्हणून तर आपण लाल करून नरम करतो, म्हणजे गुंता सुटतो. पुढे म्हणतोस, शेवटचे ठोके बसल्यावर आत एक ताण कोंडून राहतो, बाहेरून दिसत नाही. एक भाग दुसऱ्याला ओढत बसतो, कायमचा. बरं, हेही मान्य. असली माणसं मी पाहिली आहेत, त्यांपैकी एकाला हे पत्र लिहितेय.

पण ताण तर नरसाळ्यातही असेल. ती नाही तडकत.

तू दोन प्रश्न विचारलेस. पहिला: शेवटचा शेक दिला होता का? म्हणजे बाबा पूर्वी तयार कर्णे विझत्या निखाऱ्यांवर दुपारभर टांगून ठेवायचे, थुंकी चर्र करेल इतकेच गरम, ते. नाही, मी दिला नाही. मला वाटायचं ती त्यांची जुन्या माणसांची श्रद्धा आहे. शेक दिला की सगळी झळाळी काळवंडते आणि पुन्हा घासत बसावं लागतं. पण तुझ्या वेळच्या बाराला बाबांनी दिलाच असणार. त्यांनी ठोकलेल्या कामाला शेक नाही असं कधी झालंय?

दुसरा प्रश्न: जवळपास अमोनिया होता का, म्हणजे जनावरांचा गोठा, मुतारी, फरशी पुसायचं उग्र पाणी असलं काही. नाही. असलं काही नाही. पेटी माझ्याच खोलीत होती. हे पुन्हा विचारू नकोस.

– ताई

२० फेब्रुवारी

धाकट्या,

आज तिसरा तडकला. माझ्या डोळ्यांदेखत. पेटी उघडी होती, मी वाकून बघत होते आणि टक्क असा आवाज आला, बोट मोडल्यासारखा. वर बँडमास्तर नेमके दारात. त्यांनी फुलावरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाले, "बाई, मागच्या वेळी मीच होतो हो." बिचारे ओरडले असते तर बरं झालं असतं.

बाबा खुर्चीतून म्हणाले, "पत्रा त्याचाच आहे. तो गेला, पत्रा राहिला." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हातातलं फडकं मी भिंतीवर फेकलं.

आणि ते फडकं भिंतीवरून खाली पडेपर्यंत मला स्वतःशी कबूल करावंच लागलं.

आता जे लिहितेय ते एका दमात लिहिते, नाहीतर लिहिणार नाही. मागच्या पत्रात मी खोटं बोलले. अमोनिया होता. फडक्यातच होता.

तुला आठवतं, माझे कर्णे उघडले की लोक डोळे मिटायचे इतके झळकायचे? बाबा पॉलिशच्या पुडीने घासायचे, तेलाने पुसायचे, त्यांचे झळकायचे पण माझ्यासारखे नाही. ती माझी युक्ती होती. हार्डवेअरच्या दुकानात एक बाटली मिळते, नाक झोंबून डोळ्यांत पाणी येतं असं पाणी. पितळेवर एक हात फिरवला की आरसा. एकदा मला सुचलं की फडकंच त्यात भिजवून, पिळून, कर्णा त्यात गुंडाळून पेटी बंद केली तर गिऱ्हाईक उघडेल तेव्हा नव्या नवरीसारखा निघेल. मी कोणालाच सांगितलं नाही. त्या घरात तू हुशार आणि बाबा कारागीर, माझ्या नावावर एवढी एकच गोष्ट होती.

तुझ्या बारा कर्ण्यांना मी पहिल्यांदा तसं गुंडाळलं. मग कर्णेच बंद झाले. नरसाळ्यांना कोण आरसा करतंय? म्हणून ती तडकली नाहीत. आणि या आठांना मी पुन्हा तसंच गुंडाळलं, मोठ्या हौसेने.

तू दुसऱ्या पानावर लिहिलंयस, ताण कोंडलेल्या पितळेला ओलसर हवेत अमोनिया लागला की तो तांब्याला नेमक्या ताणलेल्या ठिकाणी खातो, थोडं थोडं, आणि आतली ओढ फट रुंद करत नेते. जस्त जितकं जास्त तितकं लवकर. मी ते वाचलं होतं. वाचून बाटलीवरचं लेबल वाचलं होतं. आणि तरी तुला "नाही" लिहिलं. काय म्हणायचं मला?

अकरा वर्षं बाबा तुझं नाव घेत नाहीत, "तो" म्हणतात. तुझ्या लग्नाची पत्रिका आली ती त्यांनी न उघडता परत पाठवली, मी बघत राहिले. तुला मुलगी झाली हे मला त्या ऑफिसातल्या बाईंकडून कळलं. आणि हे सगळं माझ्या एका फडक्याने! मला नुसतं रडू येतंय असं नाही, मला कोणालातरी दोन ठेवून द्याव्याशा वाटताहेत आणि समोर कोणी नाही.

उरलेले पाच मी बाहेर काढले, साबणाने धुतले. शेक आता दिला तर वाचतील का? एवढं ताबडतोब कळव. शिव्या नंतर दे.

– तुझी ताई

२ मार्च

धाकट्या,

पाचही वाचले. तू तारेसारखं चार ओळींचं पत्र पाठवलंस ते मला जास्त आवडलं. निखाऱ्यांवर टांगले, थुंकी चर्र करेपर्यंत तापवले, तास दीड तास ठेवले, आपोआप निवू दिले. सगळे काळवंडले. पुडीने घासून घासून खांदे भरून आले. पेटीत कोरडं फडकं घातलं. मास्तरांना खरं सांगितलं, पाच घेऊन जा, बाकीचे तीन एका महिन्यात देते. ते पाच घेऊन गेले आणि रोज कोणाला तरी पाठवून विचारतात, अजून शाबूत आहेत का म्हणून नव्हे, तर बाकीचे कधी देता म्हणून. हे चिन्ह बरं असावं.

पण तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. तू लिहिलंस, "बाबांना काही सांगू नकोस, झालं गेलं." असं कसं झालं गेलं? तुझं तिकडे बरं चाललंय म्हणून? आणि मी इथे रोज त्यांच्या तोंडून "तो, तो" ऐकत मूग गिळून बसू? तुझा हा मोठेपणा मला लहानपणापासून असह्य होतो. पतंग माझ्या हातून फाटायचा आणि मार तू खायचास. कोणी सांगितलं होतं?

त्यामुळे मी सांगितलं. परवा, जेवणं झाल्यावर. सगळं, बाटलीसकट. बाबांना अणू वगैरे सांगायच्या भानगडीत पडले नाही, फक्त म्हटलं, ताण होता, त्यावर हे पाणी पडलं, पत्र्याचा दोष नव्हता, त्याचाही नव्हता, दोष माझा.

मला वाटलं होतं ओरडतील. ताट भिरकावतील. त्यांनी बाटलीचं बूच काढून हुंगलं, ठसका लागला, बूच लावलं आणि म्हणाले, "पुस्तकातल्या गप्पा आहेत. तुला पढवलंय त्याने."

मी हात टेकले! अकरा वर्षं ज्या माणसाला खरं कळायला हवं होतं, त्याला ते हातात आणून दिलं तर तो घेत नाही. मी म्हटलं, "बाबा, मी स्वतः कबूल करतेय ना?" तर म्हणे, "तू त्याला वाचवतेस. पहिल्यापासून तुझं तेच." म्हणजे बघ, मी फाडलेल्या पतंगांचा हिशेबसुद्धा उलटा लागलाय.

तेव्हा तू सुचवलेली चाचणी मी करतेय, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर करतेय. पिवळ्या पत्र्याची चार फुलं ठोकली, नुसती फुलं, नळी नाही. दोनांना शेक दिला, दोनांना नाही. शेकातलं एक आणि बिनशेकाचं एक अशी दोन त्या बाटलीच्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्यात, दोन कोरड्या फडक्यात. चार पेट्या, चार चिठ्ठ्या, चारही बाबांच्या खुर्चीशेजारी बाकावर.

एक गोष्ट मात्र चमत्कारिक झाली. शेकासाठी दोन फुलं टांगली तेव्हा बाबा उठून भट्टीपाशी आले. निखारे स्वतः सारखे केले. म्हणाले, "एवढी धग नको, झळाळी मरते." आणि मग उरलेली दोन बिनशेकाची फुलं हातात घेऊन किती तरी वेळ उभे राहिले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "काही नाही." जाऊन बसले आणि त्या दिवशी माझ्या एकाही ठोक्यावर खाकरले नाहीत.

– ताई

१२ मार्च

चिमट्या,

हो, चिमट्या. कारण पुढे कळेल.

आज सकाळी मी पाणी भरत होते आणि बाबांनी हाक मारली. अशी हाक की बादली तिथेच सोडून पळाले. ते बाकावर वाकून बसले होते, कान एका पेटीला लावलेला. म्हणाले, "वाजलं." मी पेटी उघडायला गेले तर माझा हात धरला. "मी उघडतो."

बिनशेकाचं, ओल्या फडक्यातलं. काठापासून आत तीन बोटं तडा. बाकीच्या तीन पेट्या आम्ही एकेक करून उघडल्या. बिनशेकाचं, कोरडं: ठणठणीत. शेकातलं, कोरडं: ठणठणीत. शेकातलं, ओल्या फडक्यातलं: काळपट डाग पडलेत, पण तडा नाही. बाबांनी ते नखाने वाजवलं, तिन्हीकडून वाजवलं, खिडकीपाशी नेऊन उजेडात फिरवून बघितलं. स्वच्छ आवाज.

पत्रा चारही फुलांचा एकच होता.

मी म्हटलं, "पटलं आता? फडकं. माझं फडकं."

तर बाबा म्हणाले, "फडक्यातलं हे दुसरं तडकलं नाही ना?"

मला आधी कळलंच नाही. ते शेकातलं फूल माझ्यापुढे धरून म्हणाले, "फडकं दोघांना होतं. शेक एकालाच होता." आणि खुर्चीत बसले. मग जे बोलले ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण ते तुझं आहे.

"त्या बारांना मी शेक दिला नव्हता. मास्तर घाई करत होते, वाद्यपथक उभं राहायचं होतं. एक दुपार वाचवली मी. चिमटा होता तिथे. म्हणाला, बाबा, शेक द्यायचा नाही का, हा पत्रा नवीन आहे. मी म्हटलं, मला शिकवू नकोस. मग तडकले तेव्हा भर दुकानात मी त्याच्या पत्र्याला दोष दिला. तो माझ्याकडे बघत होता. मला वाटलं आता बोलेल, आता सांगेल सगळ्यांसमोर की म्हाताऱ्याने शेक दिला नाही. सांगितलं असतं तर मी मान खाली घातली असती आणि विषय संपला असता. तो बोललाच नाही. माझी अब्रू राखून गप्प उभा राहिला, वीसबावीस वर्षांचं पोर. ते मला सहन झालं नाही. म्हणून म्हटलं, कामाला हात लावायचा नाही. रोज समोर दिसला असता तर रोज तेच आठवलं असतं."

चिमट्या, मी आधी त्यांच्यावर ओरडले. खरंच ओरडले, एकोणऐंशी वर्षांच्या माणसावर. म्हटलं, अकरा वर्षं? अकरा वर्षं तुम्हाला हे ठाऊक होतं आणि तुम्ही पत्र्याच्या नावाने खडे फोडत बसलात? ते म्हणाले, "आणि तुला बाटली ठाऊक होती." बाटलीचा दोष मला महिन्याभरापूर्वी कळला हे खरं, पण त्या वेळी मी फडक्याबद्दल ब्र काढला असता तर तू सगळा उलगडा तेव्हाच केला असतास. मी का नाही काढला? युक्ती चोरीला जाईल म्हणून. एवढ्याशा कारणासाठी.

आणि आता तुझी पाळी. तुला शेकाचं ठाऊक होतं! पहिल्याच पत्रात मला साळसूदपणे विचारतोस, "शेवटचा शेक दिला होता का?" आणि मी शहाणी लिहिते, बाबांनी दिलाच असणार. ते वाचून तू काय केलंस, हसलास? नसशीलच हसला. तुझ्या तोंडाला काय कुलूप होतं रे? एक वाक्य, चिमट्या. "बाबा, शेक नव्हता." एवढं म्हणून दोन थपडा खाल्ल्या असत्यास तर संध्याकाळी तिघं एकत्र जेवलो असतो. तू त्यांची अब्रू वाचवलीस, त्यांनी आपली मान वाचवली, मी माझी युक्ती वाचवली, आणि घरात उरलं कोण?

तुझ्या पत्रातलं ते सामाईक इलेक्ट्रॉनांचं मला आता इतकं खटकतं. पितळेच्या तुकड्याला जे जमतं, आपलं आपल्यापाशी धरून न ठेवणं, ते आपल्या तिघांना जमलं नाही. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "पितळेला तोंड नसतं, म्हणून जमतं."

ते दुपारभर तडकलेलं फूल मांडीवर घेऊन बसले. मी उरलेले तीन कर्णे ठोकत होते. मधेच खाकरले. मी म्हटलं, ठोका बरोबर होता. म्हणाले, "ठोक्याला नाही खाकरलो." मग म्हणाले, "जाड कागद आण. दोरी आण."

सोबतचं पार्सल त्यांनी स्वतः बांधलंय. गाठी सैल दिसतील, हात थरथरतो, पण मला हात लावू दिला नाही. आत ते तडकलेलं फूल आहे. मी विचारलं, तो याचं काय करणार, त्याच्याकडे अशी भांडी शंभर असतील प्रयोगशाळेत. म्हणाले, "त्याला सांग, तड्याला झाळ भर. चांदी वितळवून, मऊ धगीवर. सांधा दिसता कामा नये. नंतर शेक दे."

मी म्हटलं, बाबा, तुम्ही त्याला काम देताय.

म्हणाले, "दुकानातलं काम दुकानातल्याच माणसाला द्यायचं असतं. आणि हे लिही. टपालाने परत पाठवू नको म्हणावं, टपालवाले आपटतात. चिमट्याला म्हणावं, स्वतः घेऊन ये. आणि ती पोरगी आहे म्हणतेस, तिचे हात केवढे आहेत ते बघायचे आहेत मला."

लिहिलं.

– ताई

ता. क. छोटा चिमटा शोधून, घासून ठेवलाय. खालच्या टोकाला चिंधी गुंडाळलीय, पोळायला नको. चिंधी कोरडी आहे.